उजव्या हाताची वीज

ते कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते, तरी सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. पंख्याची, मिक्सरची, पाण्याच्या पंपाची जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा घालून भरायची, हा त्यांचा धंदा. वाइंडिंग करतात म्हणून वाइंडिंगमास्तर, आणि रोज एवढं लांबलचक कोण म्हणणार म्हणून नुसते मास्तर. त्यामुळे त्यांची बायको आपोआप मास्तरीणबाई झाली. "खडू कधी हातात धरला नाही, पण मास्तरीण झाले बघा," असं ती नव्या शेजारणींना सांगायची.

पुढे दुकान, मागे दोन खोल्या. दुकानात टेबल, टेबलावर वाइंडिंगचं हातयंत्र. डाव्या हातात तार धरायची, उजव्या हाताने हँडल फिरवायचं, यंत्राच्या कोपऱ्यातल्या मोजणीच्या डबीत वेढ्यांचा आकडा पुढे सरकत राहायचा. एकतीस वर्षं हेच. मास्तर तसे फटकळ. "मोटार कधी आपणहून जळत नाही, जाळावी लागते," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायचे. पण काम चोख, म्हणून लोक त्यांचं बोलणं ऐकून घ्यायचे.

एका मंगळवारी सकाळी टेबल पंख्याची कॉइल भरत असताना हँडल थांबलं. मास्तरांना वाटलं, यंत्रात काही अडकलं. त्यांनी खाली पाहिलं तर हँडल मोकळंच होतं, हात मांडीवर पडला होता. आपला हात आपल्याला न विचारता खाली कसा आला, हेच त्यांना कळेना. त्यांनी बायकोला हाक मारली, पण तोंडातून निघाला तो आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. समोरच्या टपरीतला चावीवाला धावत आला. हा अर्धांगाचा झटका आहे, हे त्याला एका नजरेत उमजलं, आणि त्याने मास्तरांना उचलून रिक्षात घातलं. "त्याने अर्धा तास जरी उशीर केला असता," असं डॉक्टर पुढे म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

वेळेवर पोचल्याने जीव वाचला. जीभ पंधरा दिवसांत बऱ्यापैकी सुटली, इतकी की तिसऱ्या आठवड्यात मास्तरांनी वॉर्डातल्या पंख्याच्या खडखडाटाबद्दल नर्सला सुनावलं. पाय ओढत का होईना, चालू लागला. राहिला तो उजवा हात. खांद्यातून थोडा हलायचा, कोपरातून त्याहून थोडा, आणि बोटं म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी उसनी आणून लावलेली. मनगटाला आधाराचा पट्टा बांधून त्यांना घरी पाठवलं.

दर गुरुवारी व्यायाम करून घ्यायला एक फिजिओवाली मुलगी यायची. त्यांच्या लेकीच्याच वयाची असेल, हसरी, पण कामात कडक. तिने मऊ रबरी चेंडू दिला. "काका, दिवसातून शंभर वेळा दाबायचा."

मास्तरांनी चार दिवस दाबला. पाचव्या दिवशी चेंडू पलंगाखाली गेला आणि त्यांनी तो जाऊ दिला.

"असं कसं चालेल?" मास्तरीणबाई गुडघ्यावर बसून तो काढत म्हणाल्या.

"अगं, दाबला काय न दाबला काय, तो मेला काही बोलतच नाही! काम झालं की नाही हे कळायला नको? मोटार भरली की फिरते. न भरता ठेवली की फिरत नाही. याचं काय?"

"बोलणारा चेंडू आता कुठून आणू?"

दुपारी मास्तर पाय ओढत दुकानात गेले आणि भंगाराच्या डब्यात डाव्या हाताने चाचपू लागले. तळाला एका जुन्या टेपरेकॉर्डरची मोटार होती, लिंबाएवढी. तिचा दांडा त्यांनी दोन बोटांत धरून गर्रकन फिरवला आणि बायकोला हाक मारली.

"ही मोटार विजेवर फिरते, हे तुला ठाऊक आहे. पण हीच हाताने फिरवली तर उलट हीच वीज देते. देणं घेणं दोन्ही एकाच दाराने. आपल्या हातयंत्राला ही जोडायची. मी हँडल फिरवलं की हिने फिरायचं, आणि हिच्या तारांना बल्ब. हात चालला की बल्ब पेटला. नाही चालला, अंधार. आता बोल!"

कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज पूर्वीसारखा चढला होता. मास्तरीणबाईंनी हातातलं काम टाकलं.

ते यंत्र जुळवायला पाच दिवस लागले. एरवी मास्तरांनी ते तासाभरात हातावेगळं केलं असतं, पण आता हातच वेगळा होता. डावा हात स्क्रू फिरवायचा, मास्तरीणबाई धरायच्या. हातयंत्राच्या दांड्यावर एक मोठं चाक बसवलं, मोटारीच्या दांड्यावर छोटी पुली, दोन्हींवरून रबराचा पट्टा. हँडल एकदा फिरलं की छोटी मोटार पंचवीस-तीस वेळा फिरायची. तारेच्या टोकावरचा लेप ब्लेडने खरवडून काढायचा असतो, नाहीतर वीज पुढे जातच नाही, हे मास्तरीणबाई एकतीस वर्षांत पहिल्यांदा शिकल्या. "एवढं सोपं काम करायला तुम्ही माझ्या चहाची वाट बघायचात?" त्या म्हणाल्या.

बल्ब टॉर्चचा होता, आत बारीक तार असलेला जुन्या पद्धतीचा. मास्तरांनी त्याची वायर लांब केली, दुकानातून दारावरून नेली आणि बल्ब स्वयंपाकाच्या ओट्यावर खिळ्याला टांगला.

"इथे कशाला?"

"तुला तिथल्या तिथे कळेल, मी करतोय की टाळतोय ते."

मास्तरीणबाईंनी हँडल फिरवून पाहिलं. ओट्यावर बल्ब पिवळा पेटला. त्या लहान मुलीसारख्या हसल्या. मग मास्तर बसले. उजवा हात डाव्याने उचलून हँडलवर ठेवला, बोटं एकेक करून वळवली आणि जोर लावला.

हँडल पाव फेरा गेलं आणि थांबलं. पुन्हा पाव फेरा. पट्टा कुरकुरला. आतून कुणी काही बोललं नाही, म्हणजे बल्ब पेटला नव्हता.

पहिला दिवस असा गेला, दुसराही. आठवडा गेला. हँडल आता रखडत पूर्ण फेरा घ्यायचं, पण बल्बातली तार लालसुद्धा व्हायची नाही. मास्तरीणबाई काही म्हणायच्या नाहीत, आणि तेच वाईट होतं. भाजी चिरताना त्यांची नजर सारखी खिळ्याकडे जायची, हे मास्तरांना दारातून दिसायचं. एकदा चावीवाल्याने विचारलं, "मास्तर कसे आहेत, वहिनी?" तेव्हा "होईल हो, होईल," असं त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या 'होईल'ला आवाज जरा खाली गेला. चेंडू बोलत नव्हता तेच बरं होतं, असं मास्तरांना वाटलं. हे यंत्र रोज तोंडावर नाही म्हणत होतं.

पुढच्या सोमवारी, दुपार टळून गेल्यावर, मास्तरांनी उजवा हात हँडलवरून उचलून खाली ठेवला. डावा वर ठेवला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. यंत्र ठीक आहे ना ते बघावं, असं स्वतःला सांगितलं खरं. त्यांनी फिरवलं.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

"अहो! अहो, पेटला! पेटला हो!"

त्या धावत बाहेर येईपर्यंत मास्तरांनी उजवा हात पुन्हा हँडलवर ठेवला होता. मास्तरीणबाईंचे हात ओले होते, तशाच ओल्या हातांनी त्या डोळे पुसत होत्या. "मी म्हणत होते ना! म्हणत होते की नाही?" खोटं बोलायला मास्तरांना तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. ते नुसते गप्प बसले, तेवढं पुरलं.

लेकीला फोन गेला. "बाबा!" एवढंच म्हणून ती तिकडे रडायला लागली. चावीवाला येऊन पाठ थोपटून गेला. इस्त्रीवाला, दूधवाला, वरच्या मजल्यावरची शिक्षिका, सगळ्यांना बातमी कळली. मास्तरांना जेवण जाईना. दोनदा त्यांनी "अगं, ऐक" म्हणून सुरुवात केली, आणि दोन्ही वेळा बायकोचा चेहरा बघून "जरा पाणी दे," म्हणाले.

मंगळवारी आणि बुधवारी बल्ब पेटला नाही. "दमला असाल," मास्तरीणबाई म्हणाल्या. "एकदा पेटला ना, मग पुन्हा पेटेल."

गुरुवारी फिजिओवाली आली, आणि चपला काढायच्या आत मास्तरीणबाईंनी तिला सगळं सांगून टाकलं.

"खरंच? बल्ब पेटवला? अहो काका, मग आपण बरेच पुढे गेलो!" तिने पिशवीतून वही काढली. "मग हा मनगटाचा पट्टा आजपासून बंद. उद्यापासून वजन उचलायचं, अर्धा किलोपासून. मी डॉक्टरांना तसं कळवते."

ती पट्टा सोडायला वाकली. मास्तरांनी डाव्या हाताने तिचा हात धरला.

"थांब, पोरी. काही कळवू नकोस." त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि मग पायाखालच्या फरशीकडे. "तो या हाताने नाही पेटला. डाव्याने पेटवला मी."

मग मास्तरीणबाई वळल्या आणि आत गेल्या. आतून डब्यांची झाकणं लावल्याचा आवाज येऊ लागला, एकामागून एक, जरुरीपेक्षा जोरात.

फिजिओवालीने वही मिटली. ती रागावेल असं मास्तरांना वाटलं होतं. ती टेबलापाशी बसली आणि यंत्राकडे बघू लागली. "हे फिरवू का मी?"

तिने फिरवलं. चार फेऱ्यांतच तिच्या भुवया वर गेल्या. "काका, हे तर मलाही जोर लावून फिरवावं लागतंय!"

"बल्ब आहे ना पुढे," मास्तर पुटपुटले. पण प्रश्न यंत्राबद्दलचा होता, आणि यंत्राबद्दल गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "बल्बची एक तार सोडव. हं. आता फिरव."

हँडल भिरभिर फिरलं. "अरे! एकदम हलकं!"

"आता तार परत लाव. जड झालं ना? आता बल्ब काढ आणि ती दोन टोकंच एकमेकांना चिकटव." तिने चिकटवली. हँडल चिखलात रुतल्यासारखं झालं. "बघ. जेवढी वीज ओढशील, तेवढं हँडल मागे ओढतं. वीज काही फुकट येत नाही. जेवढी खायला मागेल तेवढी हाताने भरवायची."

"आणि हा बल्ब?"

"खादाड आहे."

"मग काका, तुम्ही आजारातून उठलेल्या हाताला पहिल्याच दिवशी खादाड पाहुणा का दिलात?"

मास्तरांकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. कमी वीज खाणारे दिवे असतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण त्यांच्या लेखी तो पोरखेळ होता. एकतीस वर्षं पंपाच्या मोटारी फिरवलेल्या माणसाने टिकलीएवढ्या दिव्यासाठी घाम गाळायचा?

झाकणांचा आवाज कधी थांबला ते दोघांच्या लक्षात आलं नव्हतं. मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात पत्र्याची डबी होती. त्यांनी ती टेबलावर आपटली.

"परवा भंगाराचा डबा आवरताना वेगळे काढून ठेवले होते. जुन्या स्टॅबिलायझरच्या तोंडावरचे लाल दिवे. हे कमी खातात का?"

"एलईडी," मास्तर म्हणाले. "अगदीच कमी. उपाशीच म्हण."

"मग लावा."

"अगं, ऐक. मी तुला..."

"ते नंतर बघू. आधी लावा."

फिजिओवालीने दिवा लावला, मास्तरीणबाईंनी तार खरवडून दिली. मास्तरांनी उजवा हात हँडलवर ठेवला. हँडल हललं, आणि खरंच, हे वेगळं होतं. पट्टा कुरकुरत होता, वरच्या बाजूला हात अडखळत होता, पण हँडल पुढे जात होतं. एक फेरा. दुसरा. यंत्राच्या डबीतला आकडा सरकत होता. पाच, सहा, सात.

दिवा मेलेलाच.

मास्तरांनी थांबून खाली पाहिलं. एवढंसुद्धा नाही? टिकलीएवढंही नाही? मास्तरीणबाईंचा हात त्यांच्या खांद्यावर आला. फिजिओवाली काही तरी धीराचं बोलायला तोंड उघडत होती, तेवढ्यात मास्तर एकदम म्हणाले, "अरे, गाढव!"

"कोण?" मास्तरीणबाई दचकल्या.

"मी! दुसरं कोण? बल्बला उलटसुलट चालतं. या दिव्याला नाही चालत. हा एकाच बाजूने वीज घेतो. दुसऱ्या बाजूने ओतलीस तरी तोंड उघडत नाही. पोरी, तारा उलट कर."

तारांची अदलाबदल झाली. मास्तरांनी श्वास घेतला आणि हँडल ढकललं. एक फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्याच्या उतारावर, जिथे हाताला जरा गती यायची तिथे, दिव्यात लाल ठिणगी दिसली. गेली. पुढच्या फेऱ्याला पुन्हा दिसली. मग हात थोडा सुटला आणि दिवा अडखळत, लुकलुकत, पण प्रत्येक फेऱ्याला न चुकता पेटू लागला.

कुणी ओरडलं नाही. तिघं जण डोकी एकत्र करून त्या ठिपक्याकडे बघत राहिली. मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला, तरी त्यांनी हँडल सोडलं नाही.

थांबल्यावर ते बायकोला म्हणाले, "चुकलं माझं."

"गल्लीभर सांगत सुटले मी," मास्तरीणबाई म्हणाल्या. आवाज अजून ताठ होता. "आता मी खोटी पडले."

"खोटी कशाने? तीन दिवस आधी खरं बोललीस, एवढंच."

मास्तरीणबाईंनी रागाने बघायचा प्रयत्न केला. तो साधला नाही. आधी ओठ हलले, मग खांदे, आणि मग त्या खुर्चीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. फिजिओवालीने मनगटाचा पट्टा पुन्हा नीट बांधला आणि वहीत काहीतरी लिहिलं. वजनाचं नाव पुन्हा तिने महिनाभर काढलं नाही.

लेकीला मात्र मास्तरांनी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, लहानपणी मी गृहपाठ आईकडून करून घेतला होता, तेव्हा तुम्ही माझ्याशी दिवसभर बोलला नव्हतात." "हो," मास्तर म्हणाले, "तू पण बोलू नकोस." ती दहा मिनिटांनी परत फोन करून बोललीच.

त्यानंतर यंत्राशी मास्तरांचं जमलं. सकाळी शंभर फेरे, दुपारी शंभर. एका दिव्याचे दोन झाले, दोनाचे चार. पाचव्या आठवड्यात एके सकाळी ते फिरवत असताना त्यांतला एक दिवा एकदम लख्ख झाला, फट्कन बारीक आवाज आला आणि विझला. मास्तर क्षणभर बघतच राहिले. हात कमजोर म्हणून त्यांनी दिव्याच्या रक्षणासाठी मध्ये काहीच जोडलं नव्हतं. आणि त्या कमजोर हाताने एवढी वीज केली होती, की दिवा सोसू शकला नाही.

"अगं ए!" ते दुकानातून ओरडले. "जाळला! मी दिवा जाळला!"

जन्मभर दुसऱ्यांनी जाळलेल्या मोटारींवर चिडणारा माणूस तो काळा पडलेला दिवा हातात घेऊन समोर चावीवाल्याला दाखवायला गेला. चावीवाल्याला त्यात आनंदाचं काय ते कळलं नाही, तरी त्याने पाठ थोपटली.

टॉर्चचा बल्ब पेटायला चौथा महिना उजाडला. पेटला तेव्हा मास्तरीणबाई बाजारात गेल्या होत्या. मग त्यांना दाखवायला मास्तरांना तो पुन्हा पेटवावा लागला, आणि वरच्या शिक्षिकेला दाखवायला तिसऱ्यांदा. तोवर फिजिओवालीने आपल्या दवाखान्यासाठी तशी दोन यंत्रं मागितली होती. मास्तरांनी तिसरंही करून दिलं, हँडल मोठं आणि जाड मुठीचं, ज्यांची बोटं मिटत नाहीत त्यांच्यासाठी. तिथे एक बसचालक आणि एक म्हाताऱ्या टायपिस्टबाई कोण आधी चार दिवे लावतं यावर रोज भांडतात, असं ती सांगायची.

हात पूर्वीसारखा झाला नाही. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात केसासारखी तार धरता येत नाही, ती निसटते. म्हणून तार आता मास्तरीणबाई धरतात आणि मास्तर हँडल फिरवतात. वेढे मोजताना दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. आकडा चुकला की मात्र भरपूर बोलतात.

दोघांनी मिळून भरलेली पहिली मोटार शिंप्याच्या छताच्या पंख्याची. पंखा घेऊन शिंपी गेला आणि मास्तरांचा जीव टांगणीला लागला. मोटार नीट भरली नसेल तर ती आठवडाभरात तापते, वास येतो, आणि गिऱ्हाईक दारात उभं राहतं. दुरुस्तीच्या धंद्यात गिऱ्हाईक परत न येणं हीच चांगली बातमी. चार दिवस गेले. आठ गेले. नवव्या दिवशी मास्तरांना राहवेना. "बटण तुटलंय," असं सांगून ते नवा कोरा शर्ट घेऊन शिंप्याकडे गेले.

छताला पंखा संथ फिरत होता. खडखड नाही, वास नाही. शिंपी खाली मान घालून मशीन चालवत होता, आणि त्याने कापून ठेवलेल्या कपड्यांचे कोपरे वाऱ्याने हलत होते.

"मास्तर, या! बटण कुठलं तुटलंय?"

मास्तरांनी शर्ट उलटापालटा करून पाहिला. "हे काय, जागेवरच आहे की," ते म्हणाले, आणि शिंप्याने पुढे केलेल्या स्टुलावर, बरोबर पंख्याखाली, पाय पसरून बसले.